सेकंडहॅन्ड कम्प्युटर स्लो आहे? फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

जुना कम्प्युटर घरी आला आणि रडतखडत चालायला लागला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "विंडोज परत टाकू का?" अरे, आधी बघा तरी नक्की काय अडतंय! सगळ्यात मोठी चूक हीच आहे, न बघता फॉरमॅट मारणं, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण यात नुकसान होताना मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या मामेभावाने एक जुना पीसी घेतला, ५०० जीबीची हार्डडिस्क, ४ जीबी रॅम. चालू व्हायला सात-आठ मिनिटं, फोल्डर उघडला की माउस सुद्धा अडकायचा. याने दोन दिवसांत तीनदा विंडोज टाकलं. फरक पडेना म्हणून रॅम ८ जीबी केली, तरी तेच. मग कुणीतरी सांगितलं डीफ्रॅग कर, तर रात्रभर डीफ्रॅग लावून झोपला आणि सकाळी डिस्कमधून टक टक आवाज. मधल्या काळात त्याने मुलीचे पहिल्या वर्षाचे सगळे फोटो त्यावर टाकून फोनमधले पुसले होते. मला बोलावलं तेव्हा मी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर लावून बघितलं, पिवळं 'कॉशन' म्हणजे धोक्याचा इशारा, आणि पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कला नीट वाचता न आलेले तुकडे, शेकड्यांत. निम्मे फोटो कसेबसे निघाले, बाकीचे गेले ते गेलेच.

झालं काय होतं, डिस्कवरचे काही सेक्टर नीट वाचता येत नव्हते, डिस्क तेच तेच परत परत वाचायचा प्रयत्न करते आणि तोपर्यंत विंडोज वाट बघत बसतं, म्हणून सगळंच अडकल्यासारखं वाटतं. रॅम वाढवून यात काय होणार? क्विक फॉरमॅट तर त्या सेक्टरना हातही लावत नाही, आणि डीफ्रॅग म्हणजे मरायला टेकलेल्या डिस्कवर फायली इकडून तिकडे हलवायचं काम, जे तिच्याकडून अजिबात करून घ्यायला नको.

म्हणून माझी सवय सांगतो. कुठलंही जुनं मशीन हातात आलं की पहिल्या तासात डिस्कची तब्येत बघायची. रीअ‍ॅलोकेटेड (खराब म्हणून बदललेले सेक्टर) आणि पेंडिंग, या दोन ओळींचा शेवटचा आकडा शून्य हवा (क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तो आकडा हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा पद्धतीत दिसतो, त्यामुळे अक्षरं दिसली तर घाबरू नका). वर पॉवर ऑन अवर्स लिहिलेले असतात, ३०,००० तास म्हणजे डिस्क साधारण साडेतीन वर्षं सलग फिरलीये. पेंडिंग दिसलं की दुसरं काहीही करायच्या आधी डेटा बाहेर काढायचा.

डिस्क ठीक असेल तर मशीन चालू करून दहा मिनिटं हात लावू नका, अपडेट वगैरे आवरू दे, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू, मेमरी, डिस्क, यातलं भरलंय काय ते बघा. डिस्क १०० टक्के आणि वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी असेल तर अडचण हार्डडिस्कचीच, कारण ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरी मारायला सुमारे ८ मिलिसेकंद घेते आणि विंडोजला लागतात हजारो बारीक फायली. इथे एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क टाका, रॅमचं नंतर बघू. जुन्या बोर्डावर डिस्क जोडायचं जुनं, हळू साटा २ कनेक्शन असेल, पूर्ण वेग मिळणार नाही, तरीही टाकाच. आणि कृपा करून जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करू नका! आधीच्या मालकाचा कचरा कशाला पुढे न्यायचा, फॉरमॅट मारायची खरी वेळ ही आहे. विंडोज १० किंवा ११ डिजिटल लायसन्सने अ‍ॅक्टिव्हेट झालेलं असेल तर ते मदरबोर्डशी जोडलेलं असतं, तीच एडिशन टाकली की बहुतेक वेळा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं, त्यामुळे फुकटच्या अ‍ॅक्टिव्हेटरच्या नादी लागू नका, त्यातून आत काय शिरेल सांगता येत नाही.

दुसरी चूक म्हणजे कॅबिनेट न उघडणं. एका मशीनवर सगळं नवीन टाकलं तरी पाच मिनिटांनी ते मंद व्हायचं, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग ०.८ गिगाहर्ट्झवर अडकलेला. उघडलं तर कूलरच्या चार पुशपिनांपैकी एक सुटलेली, प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. कूलर प्रोसेसरला नीट टेकत नव्हता आणि प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करत होता. पेस्ट बदलून चारही पिना बसवल्या, काम झालं. धूळ साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवा, हवेने गरागरा फिरवू नका.

बाकीच्या पटापट सांगतो.

रॅम बूस्टर, रजिस्ट्री क्लीनर: टाकूच नका, ते स्वतःच रॅम खात बसतात.

दोन अँटीव्हायरस एकदम ठेवू नका, विंडोजचा डिफेंडर पुरेसा आहे.

एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची संख्या निवडून वेग वाढत नाही, विंडोज सगळे कोर वापरतंच, ती टिक कोर कमी करायला असते. व्हिडिओ बघून केली असेल तर काढून टाका.

३२ बिट विंडोजवर ८ जीबी रॅम लावून उपयोग नाही, ४ च्या पुढचं दिसणारच नाही.

रॅम घेण्याआधी डीडीआर३ की डीडीआर४ ते बघा, खाच वेगळ्या जागी असते, बसत नसेल तर जोर लावू नका.

रोज तारीख मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला, चुकीच्या तारखेमुळे वेबसाइट उघडत नाहीत आणि लोक इंटरनेटला दोष देत बसतात.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. जुगाड करून ११ टाकणारे बरेच आहेत, मी टाकत नाही, इतक्या जुन्या मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकतो. मामेभावाच्या पीसीवर नवी एसएसडी लावून तेच टाकलंय, आणि उरलेले फोटो आता दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेत.