नळाच्या पाण्यातला क्लोरीन काढा, पण तो ग्लासापाशीच

'क्लोरीननं कॅन्सर होतो' असा मेसेज फिरला की कोणीतरी स्लॅबवरच्या टाकीच्या आधीच मोठा कार्बन फिल्टर बसवून घेतो. हे अजिबात करू नका. मग टाकीत, पाइपात जंतूंना रान मोकळं. हगवण काही दिवसांत गाठते, कावीळ काही आठवड्यांत. क्लोरीनमुळे पाण्यात जो क्लोरोफॉर्म तयार होतो, त्याचा धोका वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात पोटात गेल्याचा आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाशी क्लोरोफॉर्मच्या गटातल्या रसायनांचा संबंध अभ्यासांत दिसलाय.

नागपूरला येणाऱ्या पेंच-कन्हान नद्यांच्या पाण्यात कुजलेल्या पानापाचोळ्याचे अंश असतात. क्लोरीनशी त्यांची गाठ पडली की ट्रायहॅलोमिथेन (क्लोरोफॉर्म त्यातलाच एक) आणि हॅलोॲसेटिक आम्लं तयार होतात. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस १०५०० मानकात एकट्या क्लोरोफॉर्मला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम चालतं. अमेरिकेत चारही ट्रायहॅलोमिथेन मिळून ०.०८.

१. पिण्याचं पाणी थेट लाइनच्या नळाचं भरा. मे महिन्यात टाकीतलं पाणी तापतं आणि ही क्रिया आणखी जोर धरते.

२. स्वयंपाकघरातल्या नळालाच कार्बन फिल्टर लावा.

खरी डोकेदुखी इथे आहे: कार्बन संपला कधी, हे कळायचं कसं? मला याचं धड उत्तर फार उशिरा मिळालं. सर्व्हिसवाला टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो. तो क्षारांचा आकडा. क्लोरोफॉर्म त्यात दिसतच नाही. यूव्ही दिवा जंतू मारतो, क्लोरोफॉर्मला हात लावत नाही. आरओच्या पडद्यातूनही क्लोरोफॉर्म बऱ्यापैकी निसटतो, त्यामुळे तिथंही काम कार्बनच करतो.

'वास येत नाही, म्हणजे कार्बन चांगला' हा सल्ला तर सगळ्यांत घातक. क्लोरीनचा वास कार्बन बराच काळ मारत राहतो. क्लोरोफॉर्म धरून ठेवायची त्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी संपते. वास नाही, चव गोड, आणि क्लोरोफॉर्म सरळ ग्लासात!

म्हणून हिशेब लिटरचा ठेवा. क्लोरीनसाठी लिहिलेले लिटर धरू नका. क्लोरोफॉर्म किंवा व्हीओसीसाठी (सहज उडून जाणारी सेंद्रिय रसायनं) वेगळा आकडा दिलेला असेल तेच कार्ट्रिज घ्या. समजा तो १५०० लिटर आहे आणि घरात पिण्या-स्वयंपाकाला रोज २० लागतात, तर ७५ दिवसांनी बदला. कॅलेंडरवर खूण करा, सर्व्हिसवाल्याच्या फोनची वाट बघू नका. धार बारीक ठेवा. पाणी कार्बनमध्ये रेंगाळलं पाहिजे. गावाहून परत आल्यावर फिल्टरमधलं पहिलं पाणी झाडांना.

३. गाळलेलं पाणी झाकून ठेवा, त्याच दिवशी संपवा. त्यात आता क्लोरीन नाही. माठ रोज घासायचा.

फिल्टर नसेल तर झाकण न ठेवता, खिडकी उघडून पाणी काही मिनिटं खळखळ उकळा. क्लोरोफॉर्म ६१ अंशांलाच उकळतो, वाफेबरोबर जातो. हॅलोॲसेटिक आम्लं अशी उडत नाहीत, पाणी आटलं तर उलट दाटही होतात. तेव्हा अर्धा तास आटवत बसू नका.

४. गिझरच्या कडक पाण्यानं अंघोळ करताना न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवा. क्लोरोफॉर्म श्वासातूनही जातो.