टेक्सासच्या हिमवादळात चितळ-काळवीट कसे जगवावेत
टेक्सासमधील खासगी रँचवर पाळले जाणारे चितळ, काळवीट आणि नीलगाय हे प्राणी मूळचे आपल्याकडच्या उष्ण प्रदेशातले असल्याने त्यांच्या अंगावर थंडी अडवणारे दाट केस नसतात, आणि म्हणूनच फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात ते मोठ्या संख्येने दगावले. वादळाचा इशारा मिळताच उत्तरेचा वारा अडेल अशा दाट झाडीत किंवा गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंतीआड कोरडे गवत अंथरावे, कारण भिजलेल्या अंगाला झोंबणारा वारा नुसत्या थंडीपेक्षा अधिक घातक ठरतो. सुका चारा मुबलक द्यावा, त्याच्या पचनातून ऊब मिळते. धान्य मात्र एकाएकी वाढवू नये, त्याने पोटात आम्लता वाढून जनावर दगावू शकते. पाण्यावरचा बर्फ फोडत राहावे. गारठलेल्या कळपाला हुसकावून आडोशाला नेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्या धावपळीत त्यांची उरलीसुरली शक्तीही संपते.