हिवाळ्यातली दुसरी किल्ली

दिवाळी सरली की मराठवाड्याचे आकाश निरभ्र होते. दुपारी अंगात स्वेटर नकोसा वाटतो आणि पहाटे वाकळेबाहेर हात काढवत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील किमान तापमानाचा आकडा डिसेंबर-जानेवारीत अनेकदा १० अंशांच्या खाली गेलेला वर्तमानपत्रात वाचायला मिळतो, आणि त्याच दिवशी दुपारी ऊन चांगले चटकते. तरण्या माणसाला हा चढउतार सोसतो, पण साठी ओलांडलेल्या, रक्तदाबाच्या किंवा दम्याच्या माणसाला तो जड जातो. नेमक्या याच दिवसांत घरफोड्यांची धास्तीही वाढते. उन्हाळ्यात अर्धी गल्ली गच्चीवर झोपलेली असते; थंडीत नऊ वाजताच दारे-खिडक्या लागतात, कानाला मफलर बांधला जातो आणि शेजारी काही पडले तरी ऐकू येत नाही.

या दोन काळज्यांचा परस्परांशी किती जवळचा संबंध आहे, हे मला तीन वर्षांपूर्वी लातुरात एका जानेवारीत कळले. पहाटे फिरायला जाणाऱ्या आम्हा पाच मित्रांपैकी एक जण त्या दिवशी आला नाही. ‘थंडीला भ्यालेला दिसतो’ असे म्हणून आम्ही हसलो आणि परतताना सहज त्याच्या दारावर थाप मारली, तर आतून कण्हण्याचा आवाज आला. तो न्हाणीघरात घसरून पडला होता आणि त्याला उठता येत नव्हते. घरात तो एकटाच होता. दाराला वरची कडी, मधोमध आडवा अडसर आणि खाली नवा बोल्ट, अशी तिहेरी बंदी होती. गल्लीत चोरी झाल्यावर महिन्यापूर्वी त्यानेच ती करून घेतली होती. आतून तो ओरडला, “दार फोडा रे, पण चौकट सागाची आहे, तेवढी सांभाळा!” सुतार येऊन दार उघडेपर्यंत पाऊण तास गेला. खुब्याचे हाड मोडलेले आणि अंगावर ओला पंचा, अशा अवस्थेत तो थंड फरशीवर काकडत पडला होता. तो बरा झाला, परंतु चोरासाठी लावलेले दार मदतीलाही तितकेच बंद असते, ही गोष्ट आमच्या मनातून गेली नाही. त्यानंतर आम्ही जी व्यवस्था बसवली, ती पुढे सविस्तर देत आहे.

सर्वप्रथम पायी दहा मिनिटांच्या आत राहणारी चार-पाच घरे निवडावीत. पुण्यात नोकरी करणारा मुलगा कितीही गुणी असला, तरी रात्री दोन वाजता त्याचा उपयोग फोनवर धीर देण्यापुरताच होतो. प्रत्येकाने आपल्या घराची दुसरी किल्ली गटातील एकाच मित्राकडे द्यावी आणि ती कोणाकडे आहे, हे बाकीच्यांना माहीत असावे. किल्लीला नावाची चिठ्ठी कधीही बांधू नये. हरवल्यास सापडणाऱ्याला पत्ताच मिळतो. आम्ही रंगीत दोरे बांधले आहेत, त्यांचा अर्थ आम्हालाच ठाऊक. कुंडीखाली, मीटरच्या पेटीत, चपलांच्या मांडणीवर किंवा तुळशी वृंदावनाच्या कोनाड्यात किल्ली ठेवणे थांबवावे, कारण चोर पहिल्यांदा तिथेच हात घालतो.

मात्र दार आतून कडी लावून बंद असेल, तर मित्राकडच्या किल्लीचा काहीही उपयोग नाही. ही बाब बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. म्हणून ज्या घरात वयस्क माणूस एकटा झोपतो, तिथे दोन्ही बाजूंनी किल्लीने उघडणारे चांगले लॅच बसवावे, रात्री त्याचे कुलूप पूर्ण फिरवावे आणि वरची कडी व अडसर लावू नये. झोपताना आतल्या बाजूने किल्ली कुलपात तशीच ठेवण्याची सवय असेल तर तीही मोडावी, कारण अनेक कुलपांत आत किल्ली असताना बाहेरची किल्ली शिरत नाही. न्हाणीघराला आतून कडी नसावी. बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी खिट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तेवढाही खर्च नको असेल तर दार नुसते ओढून घ्यावे आणि घरच्यांना सांगून आत जावे.

अडसर काढला म्हणजे घर उघडे पडले, असे नाही. ‘कडी-कोयंडा तोडून चोरट्यांनी ऐवज लंपास केला’ हे वाक्य आपण बातम्यांत इतक्या वेळा वाचले आहे की त्यातला कोयंडा कधी निरखून पाहत नाही. उद्या सकाळी उजेडात तो जरूर पाहावा. बहुतेक घरांत दोन-अडीचशे रुपयांचे कुलूप अर्ध्या इंचाच्या स्क्रूंनी धरलेल्या पत्र्याला लटकत असते, आणि चोर कुलपाला हात न लावता पहार अडकवून तो पत्राच उपसतो. सुताराकडून जुने स्क्रू काढून घ्यावेत आणि चौकटीत खोल जाणारे दोन ते अडीच इंची स्क्रू लावावेत. दाराच्या फळीवर तर आरपार जाणारे बोल्ट टाकून आतून नट आवळावेत. चौकट वाळवीने पोखरलेली असेल तर आधी तिची दुरुस्ती करावी, कारण पोकळ लाकडात लांब स्क्रूही टिकत नाही. यानंतर जिन्याच्या दाराकडे वळावे. पुढच्या दाराला हजारो रुपये लावणारी माणसे गच्चीवर उघडणारे पत्र्याचे दार खिळ्याला तार गुंडाळून बंद करतात. जुन्या माळवदाच्या घरांत शेजारच्या छतावरून सहज येता येते, त्यामुळे तिथे वरच्या झरोक्यांना गज आहेत की नाहीत, हेही पाहावे.

आता वेळ अमावस्येविषयी. लातूर-धाराशिवकडची मंडळी तिला ‘येळवस’ म्हणतात. मार्गशीर्ष अमावस्येच्या या दिवशी भज्जी, आंबील, उंडे घेऊन घरेच्या घरे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि दुपारी गाव ओस पडते. शहरातल्या वसाहतींचीही तीच गत असते. पाहुण्यांना शेतात बोलावण्याची रीत इतकी जिव्हाळ्याची आहे की मागे कोणी थांबावे असे सुचवायलाही जीव होत नाही, तरीही सुचवावे. आम्ही वाटणी करून घेतली आहे: एक जण दुपारी बारापर्यंत घरी थांबतो आणि मग शेतात येतो, तर दुसरा तीनलाच जेवून परततो आणि पाचही घरांवरून एक फेरी मारतो. थांबणाऱ्याचा डबा राखून ठेवण्याची जबाबदारी बाकीच्यांची, हा नियम भज्जीच्या बाबतीत अत्यंत काटेकोरपणे पाळला जातो. शेतातले फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर संध्याकाळी घरी आल्यावरच टाकावेत. दागिने आदल्या दिवशी कपाटाच्या चोरकप्प्यात लपवण्यापेक्षा आठवडाभर आधी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत आणि त्यांचे व पावत्यांचे फोटो मोबाइलमध्ये असू द्यावेत.

परतल्यावर दार उचकटलेले दिसले, तर आत जाऊ नये. चोर आत असू शकतो, आणि नसला तरी आपण हात लावलेल्या कपाटावरचे ठसे बिघडतात. रस्त्यावर येऊन ११२ क्रमांकावर फोन करावा आणि मित्राला बोलावून घ्यावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार फिर्यादीची माहिती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. चोरीस गेलेल्या वस्तूंची यादी त्या वेळी हातात असली, तर काम सोपे होते.

शेती करणाऱ्या मित्रांची अडचण वेगळी आहे. हरभरा आणि गहू पाण्याला आलेले असतात आणि कृषिपंपाची वीज पुष्कळदा रात्री येते. घरातला कर्ता माणूस अशा वेळी बाराच्या सुमारास विहिरीवर जातो. मागे बायको, लेकरे आणि म्हातारे आई-वडील राहतात. त्याने निघताना आणि पोहोचल्यावर गटातील एकाला संदेश पाठवावा, पायात गमबूट आणि हातात चांगली विजेरी असावी आणि ओल्या हाताने स्टार्टरच्या पेटीला शिवू नये. घरातल्यांनी रात्री नुसत्या हाकेला दार उघडू नये. बाहेर आलेल्याने आधी फोन करावा आणि मग दार वाजवावे, असे आम्ही ठरवले आहे.

आता घर ऊबदार ठेवण्याकडे येतो. हा भाग काळजीपूर्वक वाचावा. कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली झोपण्याच्या खोलीत ठेवून दारे-खिडक्या लावून घेणे जिवावर बेतते. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो; त्याला रंग नाही, वास नाही आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक आहेत, ही समजूत चुकीची आहे. डोके दुखणे, मळमळ आणि गरगरणे ही त्याची पहिली लक्षणे असतात, पण झोपलेल्या माणसाला ती जाणवतच नाहीत. शेक घ्यायचा असल्यास ओसरीत किंवा अंगणात घ्यावा, पदर आणि शालीचे टोक आवरून बसावे आणि निखारे विझवून मगच झोपायला जावे. हाच धोका गॅस गीझरला आहे. तो न्हाणीघराबाहेर बसवणे सर्वांत चांगले, आणि आतच असेल तर झरोका पुठ्ठा लावून बुजवू नये. बादलीत हीटर टाकून पाणी तापवणाऱ्यांनी बटण बंद करून, प्लग काढून, मगच पाण्यात हात घालावा. ‘गरम झाले का’ हे बोटाने पाहण्याची सवय फार वाईट.

थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीस एकदा तपासणी करून घ्यावी आणि गोळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदलावे. मित्राला लागू पडलेली गोळी आपण घेऊ नये. हृदयविकार असलेल्यांनी पहाटे पाचऐवजी ऊन पडल्यावर फिरायला निघावे. आमचा गट आता साडेसातला निघतो. पहिले आठ दिवस सगळ्यांची कुरकुर झाली. तहान लागत नसली तरी पाणी प्यावे. मधुमेह्यांनी तिळगुळाचा आणि हुरड्याबरोबरच्या गुळाचा हिशेब ठेवावा. छातीवर दाब येऊन तो खांद्याकडे, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल आणि दरदरून घाम सुटला असेल, तर ‘हुरडा बाधला, पित्त झाले’ म्हणून सोडा पीत बसू नये. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे समजावीत. दोन्ही प्रसंगी लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी, कारण रुग्णालयात पहिला प्रश्न तोच विचारला जातो.

किल्लीबरोबर प्रत्येकाने एक कागदही मित्राकडे द्यावा. त्यावर चालू असलेली औषधे व त्यांचे प्रमाण, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, नेहमीच्या डॉक्टरांचा आणि मुलांचा फोन, आणि दम्याचा पंप किंवा इन्सुलिन घरात नेमके कुठे ठेवले आहे, एवढे मोठ्या अक्षरांत लिहावे. रक्तगट आठवणीवर लिहू नये. तपासणीचा कागद समोर ठेवून लिहावा.

ही सर्व मांडणी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास एकदा आणि संक्रांतीला तिळगूळ द्यायला जाताना पुन्हा एकदा तपासावी. गेल्या संक्रांतीला मी दोन घरांच्या किल्ल्या खिशात घेऊन निघालो. पहिले कुलूप सहज उघडले. दुसऱ्यात किल्ली अर्ध्यावर अडकली, कारण यजमानाने दसऱ्यात कुलूप बदलले होते आणि जुनी किल्ली माझ्याकडेच राहिली होती. तो ओशाळला, आत जाऊन नवी किल्ली घेऊन आला आणि तिला हिरवा दोरा बांधून दिल्यावर मगच त्याने तिळगूळ हातावर ठेवला.