परग्रहावरून आलेल्या कॉमिक-नायकाचा प्रकाशन-इतिहास कसा लिहावा

कॉमिक पुस्तकातल्या प्रत्येक नायकाला दोन चरित्रे असतात. एक कथेतले, ज्यात तो जन्मतो, लढतो, मरतो आणि बहुधा परतही येतो. दुसरे कागदावरचे, ज्यात लेखक, चित्रकार, संपादक, छापखाना, करार आणि विक्री यांचा हिशेब असतो. प्रकाशन-इतिहास हा दुसऱ्या चरित्राचा असतो. लिहिणाऱ्याला मात्र पहिले चरित्र सतत खुणावत राहते आणि दोनच परिच्छेदांत लेख कथासार सांगू लागतो. नायक परग्रहावरचा असेल तर हा धोका अधिक वाढतो, कारण त्याचा ग्रह, त्याचे कूळ आणि त्याच्या पृथ्वीवर येण्याचे कारण दर पिढीचे लेखक नव्याने रचतात.

पुढील विवेचनासाठी उदाहरण म्हणून मी मार्शियन मॅनहंटर हा अमेरिकी कॉमिकमधला मंगळवासी नायक घेतला आहे. सुपरमॅनबद्दल इतके लिहिले गेले आहे की नवख्या अभ्यासकाला आयते निष्कर्ष उचलण्याचा मोह होतो. मंगळावरच्या या हिरव्या गुप्तहेराच्या बाबतीत मात्र नोंदी स्वतः तपासाव्या लागतात, आणि हे काम शिकण्याचा तोच खरा मार्ग आहे.

सुरुवात पहिल्या अवताराच्या नोंदीपासून करावी आणि ती नोंद पूर्ण असावी. ‘1955 मध्ये हा नायक आला’ एवढे पुरत नाही. डिटेक्टिव्ह कॉमिक्स, अंक 225, मुखपृष्ठावरचा महिना नोव्हेंबर 1955, कथेचे नाव ‘द स्ट्रेंज एक्सपेरिमेंट ऑफ डॉक्टर अर्डेल’, लांबी 6 पाने, लेखक जोसेफ सॅमॅक्सन, चित्रकार जो सर्टा, आणि अंकातले स्थान मुख्य कथेचे नव्हे तर मागच्या पानांतल्या दुय्यम कथेचे, असे सगळे लिहावे. यातला प्रत्येक तपशील पुढे उपयोगी पडतो. त्या अंकाचा मुख्य नायक बॅटमॅन होता हे कळले की मंगळवासी नायकाला 6 पाने का मिळाली हे कळते. त्या 6 पानांतच डॉक्टर अर्डेलच्या यंत्राने मंगळावरच्या जिवाला अपघाताने पृथ्वीवर ओढून आणायचे, समोरचे रूप पाहून वृद्ध शास्त्रज्ञाने धक्क्याने प्राण सोडायचे आणि परतीची वाट बंद झालेल्या पाहुण्याने मानवी रूप घेऊन पोलिसी गुप्तहेर व्हायचे, असे सर्व बसवायचे होते. कथेचा तो सुटसुटीतपणा जागेच्या टंचाईतून आला आहे, हे पानसंख्या नोंदवली नसती तर लक्षातही आले नसते.

तारखांच्या बाबतीत फार सावध राहावे. अमेरिकी कॉमिकच्या मुखपृष्ठावर छापलेला महिना हा अंक बाजारात येण्याचा महिना नसतो. विक्रेत्याने अंक जुना समजून लवकर परत पाठवू नये म्हणून प्रकाशक पुढचा महिना छापत असत, आणि हे अंतर साधारण दोन महिन्यांचे असे. सुपरमॅनच्या पहिल्या कथेचा अ‍ॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक मुखपृष्ठावर जून 1938 दाखवतो, पण तो विक्रीला आला 18 एप्रिल 1938 रोजी. म्हणून लेखाच्या आरंभीच आपण कोणती तारीख वापरत आहोत ते सांगावे आणि शेवटपर्यंत तीच वापरावी. दोन्ही प्रकारच्या तारखा मिसळल्या की ‘आधी कोण, नंतर कोण’ हा क्रमच बिघडतो. विक्रीची तारीख हवी असेल तर अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या वतीने पूर्वी निघत असलेल्या स्वामित्वहक्क-नोंदींच्या सूचीत शोध घ्यावा. त्यात नियतकालिकांच्या अंकांच्या प्रकाशनतारखा दिलेल्या असतात.

श्रेयाचा प्रश्न याहून नाजूक आहे. 1950 च्या दशकात या नायकाच्या प्रकाशनसंस्थेच्या, म्हणजे आजच्या डीसी कॉमिक्सच्या, बहुतेक कथांवर लेखकाचे नाव छापलेच जात नसे. आज जी नावे आपण सहज लिहितो, ती नंतरच्या अभ्यासकांनी मुलाखती, मानधनाच्या नोंदी आणि रेखाटनाची शैली यांवरून निश्चित केलेली आहेत. म्हणून ‘छापील श्रेय’ आणि ‘नंतर निश्चित झालेले श्रेय’ यांत फरक दाखवावा. सॅमॅक्सन हा रसायनशास्त्राचा संशोधक होता आणि लेखन हा त्याचा जोडव्यवसाय होता. ही माहिती छापील अंकात कोठेही नाही, पण त्याच्या पहिल्या कथेत प्रयोगशाळा का आहे याचा विचार करताना ती डोळ्यांसमोर असावी. पुढच्या बहुसंख्य कथा जॅक मिलरने लिहिल्या, तर संपादनाची सूत्रे जॅक शिफकडे होती.

‘निर्मिती कोणाची’ ही ओळ अनेकदा कराराने ठरते, केवळ सर्जनाने नाही, हेही वाचकाला सांगितले पाहिजे. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी 1938 मध्ये पहिल्या 13 पानांच्या कथेसह सुपरमॅनचे हक्क 130 डॉलरना दिले. निर्माते म्हणून त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली ती 1975 च्या अखेरीस झालेल्या समझोत्यानंतर. एखाद्या अंकात नाव नाही म्हणून त्या माणसाचा वाटा नव्हता, असा अर्थ कधीही काढू नये.

पहिला अवतार निश्चित झाला की त्याच्या मागे जावे. कल्पनेला पूर्वज असतात आणि ते बहुधा त्याच संपादकाच्या टेबलावर सापडतात. बॅटमॅन मासिकाच्या 78 व्या अंकात, म्हणजे 1953 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ‘द मॅनहंटर फ्रॉम मार्स’ ही कथा आली होती. तिच्यात रोह कार नावाचा मंगळावरचा कायदारक्षक एका गुन्हेगाराचा पाठलाग करत पृथ्वीवर येतो. दोन वर्षांनी येणाऱ्या नायकाशी साम्य उघड आहे. तरीही येथे ‘पूर्वखूण’ असा शब्द वापरावा, ‘पहिला अवतार’ असा नव्हे. नाव वेगळे, व्यक्ती वेगळी, मालिका वेगळी. साम्यावरून उगम सिद्ध होत नाही. एकाने दुसऱ्यावरून घेतले असे म्हणायला निर्मात्याचे किंवा संपादकाचे शब्द हवेत.

यानंतर काळाची चौकट मांडावी, पण थोडक्यात. 1954 मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे कॉमिक आणि बालगुन्हेगारी यांवर सुनावणी झाली आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स कोडची आचारसंहिता लादून घेतली. भीषण आणि रक्तरंजित गुन्हेकथांची वाट अरुंद झाल्यावर सभ्य गुप्तहेर आणि विज्ञानकल्पना यांची सरमिसळ संपादकांना सोयीची वाटली असणार, हे माझे अनुमान आहे आणि अनुमान म्हणूनच ते लिहिले पाहिजे. याच ठिकाणी एक जुना वाद येतो. कॉमिकचे रौप्ययुग, म्हणजे महानायकांच्या कथा पुन्हा बहरल्या तो काळ, ऑक्टोबर 1956 च्या शोकेस अंक 4 मधल्या फ्लॅश या वेगवान नायकाच्या नव्या रूपापासून मोजण्याची रीत आहे. मंगळवासी नायक त्याच्या जवळजवळ एक वर्ष आधी आला. काही अभ्यासक म्हणून त्यालाच पहिला मानतात. मला ते पटत नाही, कारण युग बदलते ते विक्रीने आणि अनुकरणाने, आणि 6 पानांच्या दुय्यम कथेने तसे काही घडवले नाही. मात्र दोन्ही बाजू लेखात असाव्यात आणि तारखा वाचकाच्या हाती द्याव्यात.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग. इतिहास लिहिणारे पहिल्या अंकावरून थेट गाजलेल्या घटनेवर उडी मारतात आणि मधली वर्षे एका वाक्यात उरकतात. तसे करू नये. हा नायक डिटेक्टिव्ह कॉमिक्समध्ये अंक 225 पासून एप्रिल 1964 च्या अंक 326 पर्यंत राहिला, म्हणजे 102 अंकांचा पल्ला. त्यानंतर त्याला हाउस ऑफ मिस्ट्रीमध्ये हलवण्यात आले, जून 1964 च्या अंक 143 पासून 1968 च्या वसंतातल्या अंक 173 पर्यंत. स्थलांतराचे कारण कथेत शोधू नये; ते संपादकीय होते. डिटेक्टिव्ह कॉमिक्स संपादक ज्युलियस श्वार्ट्झकडे गेले, अंक 327 पासून बॅटमॅनला नवे रूप मिळाले आणि मागची पाने इलाँगेटेड मॅन या नायकाला देण्यात आली. नव्या घरीही त्याचे स्थान टिकले नाही. अंक 156 पासून ‘डायल एच फॉर हीरो’ ही मालिका पुढे आली, आणि अंक 174 पासून ते मासिक पुन्हा भयकथांकडे वळले.

या सगळ्या बारा वर्षांच्या काळात जवळजवळ प्रत्येक कथेचे चित्रकाम जो सर्टानेच केले. मुखपृष्ठावर फारसे न येणाऱ्या, मोठे मानधन किंवा कीर्ती न देणाऱ्या एका पात्राला एका हाताने इतकी वर्षे चेहरा दिला, ही गोष्ट मला या संपूर्ण इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते, आणि प्रकाशन-इतिहास लिहिताना अशा माणसाला एका ओळीपेक्षा अधिक जागा देणे हे लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे. अंकांची यादी करताना म्हणून चित्रकाराचा रकाना कधीही वगळू नये.

याच काळात समांतर धागा म्हणून जस्टिस लीग या नायकांच्या संघाची नोंद घ्यावी. द ब्रेव्ह अँड द बोल्डच्या 28 व्या अंकात, फेब्रुवारी-मार्च 1960 मध्ये, गार्डनर फॉक्स आणि माइक सेकॉव्स्की यांनी हा संघ प्रथम आणला आणि मंगळवासी त्याच्या संस्थापकांपैकी एक होता. स्वतःची मालिका दुय्यम आणि संघात स्थान मानाचे, ही विसंगती पुढे त्याला वाचवणारी ठरली.

कथेतला इतिहास लेखात अजिबात आणू नये असे नाही. तो प्रकाशनाच्या पुराव्यासारखा वापरावा. मंगळ ग्रहाचेच उदाहरण घ्या. 1955 पासूनच्या सुरुवातीच्या कथांत मंगळ जिवंत आहे. नायकाचे आईवडील तेथे आहेत, त्याला धाकटा भाऊही आहे. मे 1969 च्या जस्टिस लीग ऑफ अमेरिका अंक 71 मध्ये लेखक डेनिस ओ’नील मंगळाचा यादवी युद्धात विध्वंस घडवतो आणि नायक उरलेल्या समाजासाठी पृथ्वी सोडून जातो. 1988 च्या चार अंकी मालिकेत जे. एम. डिमॅटिस आणि मार्क बॅजर त्याला एका साथीत संपलेल्या वंशाचा अखेरचा माणूस करतात आणि त्याची पत्नी व मुलगी त्याच साथीत गेली असे सांगतात. या तिन्ही मंगळांचा मेळ घालण्याचा खटाटोप करू नये. प्रत्येक आवृत्ती तिच्या वर्षाखाली, तिच्या लेखकाच्या नावाने ठेवावी. मरिनर 4 या यानाने जुलै 1965 मध्ये मंगळाची विवरांनी भरलेली, ओसाड छायाचित्रे पाठवली होती, हे शेजारी नमूद करावे; लेखकांनी त्यामुळेच ग्रह मृत केला असे मात्र पुराव्याशिवाय लिहू नये.

1969 नंतरच्या काळाला अनेक जण ‘पोकळी’ म्हणतात. तो शब्द तपासून वापरावा, कारण 1977 मध्ये अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्सच्या अंक 449 ते 451 मध्ये त्याची कथा आली होती. कायमचे पुनरागमन 1984 मध्ये, जस्टिस लीग ऑफ अमेरिका अंक 228 पासून झाले. 1987 मध्ये कीथ गिफन, डिमॅटिस आणि केव्हिन मॅग्वायर यांच्या जस्टिस लीगने त्याला संघाचा गंभीर, सोशिक आधारस्तंभ बनवले. आजच्या वाचकाच्या मनातली त्याची प्रतिमा बरीचशी तेथूनच आली आहे.

अंकक्रमांकांचे सापळे यापुढे सुरू होतात. जॉन ऑस्ट्रँडर आणि टॉम मँड्रेक यांची 1998 ते 2001 ची स्वतंत्र मालिका अंक 36 पर्यंत गेली, पण तिची सुरुवात शून्य क्रमांकाने झाली आणि मध्येच 10,00,000 क्रमांकाचा एक अंकही आहे. ‘36 अंक’ लिहिणारा म्हणूनच चुकतो. त्याच नावाच्या मालिका 2015 मध्ये आणि 2018 मध्ये पुन्हा अंक 1 पासून सुरू झाल्या. मालिकेच्या नावापुढे आरंभवर्ष लिहिल्याशिवाय कोणताही अंकक्रमांक देऊ नये.

नावांचा शोध घेतानाही सर्व रूपे ध्यानात घ्यावीत. सुरुवातीच्या कथांवर ‘जॉन जोन्स, मॅनहंटर फ्रॉम मार्स’ असे शीर्षक असे, त्याचे मंगळावरचे नाव ज’ऑन ज’ऑन्झ, आणि रूढ नाव मार्शियन मॅनहंटर. प्रकाशकाच्या नावाचेही तसेच: डीसी कॉमिक्स हे संस्थेचे अधिकृत नाव 1977 मध्ये झाले, त्यापूर्वी ती नॅशनल या नावाने ओळखली जात असे. 1955 च्या प्रसंगात ‘डीसी’ लिहायचे असल्यास तसा एकदा खुलासा करावा.

साधनांविषयी दोन गोष्टी. ग्रँड कॉमिक्स डेटाबेस हा स्वयंसेवकांनी उभारलेला सूचीसंग्रह आरंभासाठी उत्तम आहे, पण तेथील नोंद प्रत्यक्ष अंकाशी ताडून पाहावी. संग्रहित पुनर्मुद्रणात जाहिराती, वाचकांची पत्रे आणि पहिल्या पानाच्या तळाशी असलेला बारीक अक्षरातला प्रकाशन-तपशील गळालेला असतो. 1960 च्या दशकापासून अंकांत वर्षातून एकदा टपाल खात्यासाठीचे मालकीपत्रक छापले जाई, ज्यात सरासरी विक्रीचा आकडा असे. हा आकडा सापडला की मालिका का बंद पडली याविषयीचे तर्क बरेच कमी करावे लागतात. कागदापलीकडेही पाहावे. सुपरमॅनला दुर्बळ करणारा क्रिप्टोनाइट हा पदार्थ 1943 मध्ये आधी नभोवाणीवर आला आणि कॉमिकमध्ये 1949 मध्ये पोहोचला. केवळ अंक चाळणारा ही नोंद चुकीची करील.

चालू मालिकेचा भाग शेवटी लिहावा आणि तो वर्तमानकाळात लिहू नये. मार्च 2025 मध्ये डेनिझ कॅम्प आणि हाविएर रॉड्रिगेझ यांनी ‘अ‍ॅब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर’ सुरू केली, ज्यात जॉन जोन्स हा एफबीआयचा माणूस आहे आणि मंगळवासी ही वेगळीच सत्ता आहे. असे वाक्य दहा वर्षांनीही खरे राहते. ‘सध्या सुरू असलेली मालिका’ हे शब्द मात्र लवकरच खोटे पडतात. म्हणून आपण कोणत्या अंकापर्यंत स्वतः पडताळणी केली तो क्रमांक आणि महिना लेखाच्या तळाशी लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला नेमके कोठून हात घालायचा ते कळेल.