न दिसणारं दुखणं घरच्यांना कसं सांगावं

"काल तर तुळशीबागेत दोन तास फिरलीस, मग आज काय झालं?" आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेल्या बाईला हा प्रश्न घरात वरचेवर ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा खोट नसते. चेहरा नेहमीसारखाच असतो, मग दुखणं त्याला दिसणार कसं? ते सांगावंच लागतं.

आधी वेळ निवडा. सकाळच्या धांदलीत किंवा दुखणं ऐन भरात असताना बोललं की ते गाऱ्हाणं वाटतं. रविवारचा दुपारचा चहा त्यापेक्षा बरा.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करा. सासूबाई म्हणतील, "गुडघे तर माझेही दुखतात." उतारवयात ती बहुतेकदा सांध्यांची झीज असते. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. तो तिशीतही होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. इतकं सांगितलं तरी पुरे.

मग तुमची सकाळ सांगा. इथे घाई करू नका, कारण घरच्यांना खरं काय ते इथेच कळतं. विश्रांतीनंतर सांधे आखडतात, म्हणून रात्रभर झोपून उठल्यावरच हाल जास्त होतात, आणि तो आखडलेपणा तासभर किंवा त्याहूनही जास्त टिकतो. "खूप दुखतं" एवढ्यावर थांबू नका. असं सांगा: "सहाला जाग येते, पण मूठ वळत नाही. दुधाची पिशवी कापता येत नाही, ब्लाउजचे हुक लागत नाहीत. साडेसातनंतर बोटं मोकळी होतात, तेव्हा कुठे कणीक मळता येते." मुलांचा डबा सातला भरायचा असेल, तर अडचण कुठे आहे हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

थकव्याचंही सांगा. तो आजाराचाच भाग आहे, पुरेशी झोप होऊनही राहतो. याला आळस म्हटलं की माणूस आतून तुटतो, हे नवऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगायला संकोचू नका.

आजार चढतो-उतरतो, हेही आधीच सांगून ठेवा. बऱ्या दिवशी मंडईत जाऊन आलात, तरी दुसऱ्या दिवशी जिना उतरणं जड जाऊ शकतं.

मदत मागताना "जरा समजून घ्या" म्हणू नका, काम सांगा. कणीक रात्रीच मळून ठेवायची कोणी, कुकरचं झाकण लावायचं कोणी, हे ठरवून घ्या. गौरी-गणपतीचं तर पंधरा दिवस आधीच बोला: "पुरणपोळ्या यंदा विकत आणू, हळदीकुंकवाचं मी बघते." आयत्या वेळी नाही म्हणण्यापेक्षा हे सगळ्यांनाच सोपं जातं.

मेथोट्रेक्सेट चालू असेल, तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवी: या आजारात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी ठरवून दिलेला वार फ्रिजवर ठळक लिहून लावा.

एवढं करूनही कोणाला पटत नसेल, तर पुढच्या तपासणीला त्याच माणसाला सोबत न्या आणि सकाळच्या त्या दीड तासाबद्दल डॉक्टरांना त्याच्यासमोरच विचारा.