फूटभर अमूर्त गोधडी: भिंतीवर सपाट बसेल अशी

कापड धुऊन, रंग जातो का ते पाहून, इस्त्री करून ठेवलंय असं धरू. जुनी सुती साडी किंवा सदऱ्याची पाठ उत्तम. टेरिकॉट नको, त्याची दुमडलेली कड बसत नाही.

अस्तर 14 इंच चौरस घ्या, त्यावर तेवढेच जुन्या धोतराचे 2 थर. आत फोम घालायचा सल्ला ऐकू नका. त्यात टाके बुडतात आणि भिंतीवर गोधडीऐवजी उशी टांगल्यासारखी दिसते.

तुकडे 1 ते 4 इंचांचे, पट्टी न लावता थेट कात्रीने कापा. आधी कागदावर चित्र काढलंत तर हात त्या रेषेला बांधला जातो. तुकडे मांडून मोबाइलवर काळापांढरा फोटो काढा. सगळं एकाच करड्या रंगाचं दिसलं तर रंग कितीही वेगळे असोत, मांडणी फसली आहे. एक फिका तुकडा काढून गडद ठेवा. वर दिसणाऱ्या कडा पाव इंच आत दुमडा, दुसऱ्या तुकड्याखाली जाणाऱ्या तशाच सोडा. गोंद नको, तो वाळला की सुई जात नाही. मध्यापासून कडेकडे, दर 2 इंचांवर, उभे-आडवे कच्चे टाके घाला.

आता धावदोरा. बहुतेक गोधड्या इथेच बिघडतात, आणि दोष सुईला दिला जातो.

टाक्याने कापड आकसतं. दाट टाके तिथे जास्त, विरळ तिथे कमी. मधला आवडता तुकडा टाक्यांनी भरून काढला आणि कडा मोकळ्या सोडल्या, की कडा झालरीसारख्या लहरतात. उलट केलंत, तर मधला भाग पुरीसारखा फुगतो. इस्त्रीने यातलं काहीही जात नाही. म्हणून ओळींमधलं अंतर सगळीकडे पाव इंच. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, मधली फटही तेवढीच. वैविध्य हवं तर ओळींची दिशा बदला, दोऱ्याचा रंग बदला. दाटी बदलू नका. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेपासून आत शिवत नेतात, तरी ती सपाट पसरते, कारण ओळी सगळीकडे सारख्या दाट असतात. सुरुवात कुठून करता हा मुद्दाच नाही.

दोरा हातभरच घ्या. ओळ संपली की लगेच गाठ मारायची नाही. आधी ओळीवरून अंगठा दाबत न्या. ओढला गेलेला दोरा सैल होऊन चुण्या उलगडतात. मग जागेवरच 2 टाके घालून दोरा आत लपवा. दर 3-4 ओळींनी उलटून अस्तर बघा. चुणी दिसली तर ती ओळ तिथेच उसवा, पुढच्या ओळीने ती झाकली जात नाही, पक्की होते.

शिवून झाल्यावर कच्चे टाके काढा. पाणी शिंपडा, जाड टॉवेलवर पसरून कडांना टाचण्या लावा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी गुण्या लावून 12 इंचांचा चौरस कापा. दीड इंची पट्टीचा गोट लावा. मागे वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली 2 इंची नेफा शिवा. काठी गोधडीपेक्षा इंचभर आखूड ठेवा, म्हणजे बाजूने दिसत नाही.