उडत्या पक्ष्यावर फोकस बसत नसेल तर

भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित (फ्लेमिंगो) उठले की कॅमेरा पक्षी सोडून मागची झाडी पकडतो, ही तक्रार नेहमीची. कंटिन्युअस ऑटोफोकस (हलत्या विषयावर सतत फोकस साधत राहणारा मोड) आणि १/२००० सेकंदाच्या आसपास शटर स्पीड ठेवलाच असेल. खरी मेख आहे ती आधीच्या फोकसमध्ये. लेन्स दोन मीटरवर अडकलेली असेल तर दूरचा पक्षी तिला नुसता धूसर डाग दिसतो, आणि ती मागेपुढे भटकत बसते. म्हणून पक्षी येण्याआधीच तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या खुंटावर फोकस करून ठेवा. लेन्सवर फोकस लिमिटर (फोकसच्या अंतराची मर्यादा ठरवणारं बटण) असेल तर जवळचं अंतर बंदच करा.

रोहित समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून, पाण्यावर धावत उठतात. ती धाव सुरू होताच पक्षी फ्रेममध्ये घ्या, बटण अर्धं दाबून त्याच्याबरोबर फिरत राहा. मोकळ्या आभाळात झोन एरिया, म्हणजे फोकस पॉइंटचा मोठा गट, उत्तम. मागे झाडी आली की एकच पॉइंट आणि त्याच्या शेजारचे काही, एवढंच ठेवा. कॅमेऱ्यात बर्ड आय डिटेक्शन (पक्ष्याचा डोळा आपोआप ओळखणं) असेल तर अवश्य वापरा, पण झाडीसमोर तेही चकतं. फोकस सुटलाच तर बोट उचलून पुन्हा दाबा. नदी सुरय (रिव्हर टर्न) या पक्ष्यावर हात बसायला मात्र वेळ लागतो, तो फारच चपळ.